विश्लेषण : पहिल्या सामन्यात एकही हिट नाही, तरीही इतिहास! जॅकी रॉबिन्सन यांचे पदार्पण बेसबॉलसाठी का निर्णायक ठरले?

दर वर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये एक वेगळेच दृश्य दिसते. सगळ्या संघांचे सगळे खेळाडू, प्रशिक्षक आणि पंचही ४२ क्रमांकाचीच जर्सी घालून मैदानात उतरतात. एरवी हा क्रमांक कोणत्याही संघात कुणालाही दिला जात नाही. हा मान आहे जॅकी रॉबिन्सन यांचा. १९४७ मध्ये याच दिवशी त्यांनी ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून पदार्पण केले आणि कृष्णवर्णीयांसाठी सुमारे सहा दशके बंद असलेले दार उघडले. मात्र त्या वेळच्या सर्व १६ संघांनी ते दार उघडायला आणखी १२ वर्षे लावली. तोवर रॉबिन्सन निवृत्तही झाले होते.

१५ एप्रिल १९४७ रोजी नेमके काय घडले?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एबेट्स फील्ड मैदानावर मोसमातील पहिला सामना होता. समोर बोस्टन ब्रेव्हज. २५ हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते आणि त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या लक्षणीय होती. २८ वर्षांचे रॉबिन्सन पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभे राहिले. फलंदाजीत त्यांना एकही हिट मिळाली नाही. सातव्या इनिंगमध्ये त्यांनी चेंडू हळूच पुढे ढकलला आणि ते धावले. त्यांना बाद करण्यासाठी केलेली फेक चुकली. पुढच्या फलंदाजाच्या फटक्यावर त्यांनी धाव पूर्ण केली आणि डॉजर्सने आघाडी घेतली. सामना डॉजर्सने ५-३ असा जिंकला. धावफलकावर पाहिले तर हे पदार्पण अगदी साधे होते. त्यांची पहिली हिट दोन दिवसांनी आली.

त्याआधी कृष्णवर्णीय खेळाडू का नव्हते?

रॉबिन्सन यांना अनेकदा मेजर लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हटले जाते. ते विसाव्या शतकापुरते खरे आहे. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हे टोलिडो संघाकडून त्या काळच्या मेजर लीगमध्ये खेळले होते. त्यानंतर मात्र संघमालकांनी आपसांतील समजुतीने कृष्णवर्णीयांना घेणे बंद केले. ही बंदी नियमपुस्तकात नव्हती, पण सगळे ती पाळत. त्यामुळे दाद मागायची तरी कुणाकडे, हा प्रश्नच होता. कृष्णवर्णीय खेळाडूंनी मग आपले वेगळे संघ आणि वेगळ्या स्पर्धा उभ्या केल्या. त्या निग्रो लीग म्हणून ओळखल्या जात. तिथे खेळाचा दर्जा उत्तम होता, पण पैसा कमी, प्रवास खडतर आणि अनेक गावांत हॉटेलची खोली मिळणेही मुश्कील.

रॉबिन्सन यांची जडणघडण कशी झाली?

जॅकी यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो गावाजवळ झाला. कुटुंब दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील घर सोडून गेल्यावर आई मॅली यांनी १९२० मध्ये मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातील पॅसाडीना गाठले आणि लोकांच्या घरी काम करून त्यांना वाढवले. थोरले भाऊ मॅक यांनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्स यांच्यामागे धावत रौप्यपदक मिळवले. घरी परतल्यावर त्यांना काम मिळाले ते रस्ते झाडण्याचे. पदक मिळाले तरी दारे उघडत नाहीत, हे जॅकी यांनी घरातच पाहिले होते.

लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल आणि ॲथलेटिक्स या चारही खेळांत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. असे करणारे ते तिथले पहिले विद्यार्थी. १९४१ मध्ये पदवी पूर्ण न करताच त्यांनी विद्यापीठ सोडले. पुढच्या वर्षी त्यांना लष्करात बोलावणे आले.

लष्करी खटल्याचे प्रकरण काय होते?

जुलै १९४४ मध्ये टेक्सासच्या कॅम्प हूड तळावर सेकंड लेफ्टनंट रॉबिन्सन लष्करी बसमधून जात होते. चालकाने त्यांना मागच्या बाजूला जाऊन बसायला सांगितले. त्यांनी नकार दिला. प्रकरण वाढले आणि वरिष्ठांशी उद्धट वागल्याच्या व आज्ञाभंगाच्या आरोपांवरून त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. ऑगस्टमध्ये ते निर्दोष सुटले आणि वर्षअखेरीस सन्मानाने सेवामुक्त झाले. अन्याय दिसला की तिथल्या तिथे उलट उभे राहायचे, हा त्यांचा स्वभाव होता. पुढे बेसबॉलने त्यांच्याकडे नेमका हाच स्वभाव आवरायची मागणी केली.

डॉजर्सने त्यांनाच का निवडले?

१९४५ मध्ये रॉबिन्सन निग्रो लीगमधील कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात दाखल झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोस्टन रेड सॉक्स संघाने त्यांना आणि आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना चाचणीसाठी बोलावले होते. चाचणी झाली, पण पुढे कुणालाच बोलावणे आले नाही.

डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी मात्र गांभीर्याने शोध घेत होते. २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिनमधील कार्यालयात त्यांनी रॉबिन्सन यांना सुमारे तीन तास पारखले. मैदानात शिव्या मिळतील, अंगावर चेंडू येतील, हॉटेलात जागा नाकारली जाईल, अशा प्रसंगांची नक्कल रिकी यांनी स्वतः करून दाखवली. अट एकच होती, उलट वार करायचा नाही. एक जरी हाणामारी झाली असती, तरी ती पुढच्या सगळ्या कृष्णवर्णीय खेळाडूंना नाकारण्याचे निमित्त ठरली असती. रॉबिन्सन यांनी ही अट मान्य केली.

रिकी यांच्या निर्णयामागे न्यायाची भावना होती, तसा व्यवहारही होता. निग्रो लीगमध्ये गुणवत्तेचा मोठा साठा पडून होता आणि कृष्णवर्णीय प्रेक्षक मैदानावर आले असते, तर तिकीटविक्रीही वाढणार होती. रॉबिन्सन यांच्यासाठी त्यांनी मोनार्क्स संघाला मोबदला दिला नाही.

थेट ब्रुकलिनला का आणले नाही?

रिकी यांनी रॉबिन्सन यांना आधी डॉजर्सच्या दुय्यम संघात, कॅनडातील माँट्रियल रॉयल्समध्ये पाठवले. १९४६ च्या सुरुवातीला त्यांचे रेचल यांच्याशी लग्न झाले आणि लगेच ही दोघे सरावासाठी फ्लोरिडात गेली. तिथल्या काही गावांनी कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ मैदानात उतरू दिला नाही. एके ठिकाणी तर मैदानालाच कुलूप लावले गेले.

१८ एप्रिल १९४६ रोजी जर्सी सिटीतील पहिल्याच सामन्यात रॉबिन्सन यांनी पाच प्रयत्नांत चार हिट मारल्या. त्यांत एक होम रन होती. त्या मोसमात .३४९ च्या सरासरीने ते लीगचे अव्वल फलंदाज ठरले. बेसबॉलमध्ये .३०० म्हणजे दर दहा प्रयत्नांत तीन हिट, आणि तेवढी सरासरीही उत्तम मानली जाते. माँट्रियलच्या लोकांनी या दाम्पत्याला आपलेसे केले.

सहकाऱ्यांचा विरोध कसा मोडला?

१९४७ च्या सराव शिबिरात डॉजर्सच्याच काही खेळाडूंनी रॉबिन्सन यांच्याविरोधात सह्यांचे पत्रक काढण्याची तयारी केली. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी मध्यरात्री खेळाडूंना उठवून खडसावले. रॉबिन्सन संघाला जिंकून देणार, ज्यांना चालत नसेल त्यांनी दुसरा संघ बघावा, असा त्यांचा सूर होता. पत्रक तिथेच बारगळले.

मैदानाबाहेरचा छळ मात्र सुरू राहिला. धमकीची पत्रे येत होती. एप्रिलमध्येच फिलाडेल्फिया फिलीज संघाचे व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्यांच्या खेळाडूंनी रॉबिन्सन यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार केला. तो इतका किळसवाणा होता की, आधी दूर राहणारे डॉजर्सचे काही खेळाडूही रॉबिन्सन यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध खेळण्यास नकार देण्याची भाषा सेंट लुईस कार्डिनल्सच्या गोटातून आल्याची चर्चा होती. संप केल्यास निलंबन होईल, अशी तंबी नॅशनल लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी दिली.

रॉबिन्सन यांनी उत्तर खेळातून दिले. त्या मोसमात त्यांची सरासरी .२९७ राहिली, १२५ धावा झाल्या आणि लीगमध्ये सर्वाधिक २९ बेस त्यांनी चोरले. त्याच वर्षी सुरू झालेला सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्यांना मिळाला. आज तो पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

हे मौन कधी सुटले?

सुमारे दोन मोसम त्यांनी रिकी यांची अट पाळली. १९४९ पासून ते मोकळेपणाने खेळू आणि बोलू लागले. पंचांशी वाद घालू लागले, हॉटेलांमधील भेदभावावर जाहीरपणे टीका करू लागले. त्याच वर्षी .३४२ सरासरीसह ते नॅशनल लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. आधी त्यांच्या संयमाचे गोडवे गाणारे काही पत्रकार आता त्यांना तापट म्हणू लागले. १९५५ मध्ये डॉजर्सने न्यूयॉर्क यांकीजला हरवून ब्रुकलिनमधील आपले एकमेव जागतिक अजिंक्यपद मिळवले. त्या मालिकेच्या पहिल्या सामन्यात रॉबिन्सन यांनी होम बेस चोरला होता. तेव्हा ते ३६ वर्षांचे होते.

इतर खेळाडूंना संधी केव्हा मिळाली?

जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबी क्लीव्हलँडकडून खेळले आणि अमेरिकन लीगमधील पहिले कृष्णवर्णीय ठरले. ऑगस्टमध्ये डॉजर्सनेच डॅन बँकहेड यांना उतरवले. मेजर लीगचे ते पहिले कृष्णवर्णीय पिचर. त्यांनी पहिल्याच फटक्यावर होम रन मारली, पण चेंडूफेकीत मार खाल्ला आणि कारकीर्द फार बहरली नाही. डॉजर्सकडून रॉय कॅम्पानेला १९४८ मध्ये, तर डॉन न्यूकम १९४९ मध्ये पुढे आले आणि दोघेही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले.

तरीही अनेक संघ हातावर हात ठेवून बसले. १६ संघांपैकी सर्वांत शेवटी, २१ जुलै १९५९ रोजी, पम्प्सी ग्रीन यांना उतरवले ते बोस्टन रेड सॉक्सने. रॉबिन्सन यांची १९४५ मध्ये चाचणी घेऊन गप्प बसलेला तो हाच संघ. दुसरीकडे चांगले खेळाडू निघून गेल्याने निग्रो लीगचा प्रेक्षक आटला. त्यांतील निग्रो नॅशनल लीग १९४८ नंतर बंदच पडली. ज्या संघांनी खेळाडू घडवले, त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी काय केले?

१९५६ च्या अखेरीस डॉजर्सने त्यांचा सौदा प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्सशी केला. रॉबिन्सन तिकडे गेले नाहीत. त्यांनी खेळ सोडून एका कॉफी कंपनीत उपाध्यक्षपद स्वीकारले. डॉजर्सकडून दहा मोसमांत त्यांची सरासरी .३११ होती. १९६२ मध्ये त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. नागरी हक्क चळवळीसाठी त्यांनी निधी जमवला, मोर्च्यांत भाग घेतला आणि कृष्णवर्णीयांना कर्ज मिळावे म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये फ्रीडम नॅशनल बँक उभारण्यात पुढाकार घेतला. मधुमेहाने मात्र त्यांचे शरीर पोखरले. १९७१ मध्ये थोरला मुलगा अपघातात गेला.

त्यांची अखेरची मागणी कोणती होती?

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीत वर्ल्ड सीरिजच्या सामन्याआधी त्यांचा सत्कार झाला. तोपर्यंत त्यांची दृष्टी बरीच गेली होती. पदार्पणाला २५ वर्षे झाल्याचा तो सोहळा होता. आभार मानून झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर उणीव दाखवली. मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय व्यवस्थापक दिसेल, तेव्हा आपल्याला अधिक आनंद होईल, असे त्यांनी सांगितले. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३.

ती मागणी ८ एप्रिल १९७५ रोजी पूर्ण झाली. फ्रँक रॉबिन्सन हे क्लीव्हलँड संघाचे खेळाडू-व्यवस्थापक म्हणून मैदानात उतरले. आडनाव तेच, नाते नाही. या नव्या पदार्पणाचा मानाचा पहिला चेंडू टाकायला रेचल रॉबिन्सन उपस्थित होत्या.