भास्कराचार्य

काळाचौकीहून भायखळ्याच्या राणीच्या बागेकडे गेले, म्हणजे तेथे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय दिसते. भाऊ दाजी हे मुंबईतील नामांकित वैद्य आणि संशोधक. खानदेशातील एक जुना शिलालेख त्यांनी उजेडात आणला. ज्या थोर गणितज्ञाच्या कुळाचा वृत्तान्त त्या शिळेवर कोरलेला आहे, ते म्हणजे भास्कराचार्य होत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

भास्कराचार्य जसे विद्वान, तसेच हाडाचे शिक्षक होते. केवळ नियम सांगून ते थांबत नसत. एकाच मुक्कामाला नेणाऱ्या अनेक वाटा ते दाखवीत. १३५ ला १२ ने गुणावयाचे असेल, तर १२ चे ८ व ४ असे खंड करा, अथवा १० व २ असे करा. गुणाकार १६२० च येतो, हे ते ‘लीलावती’त शिकवितात.

हीच खंडांची युक्ती त्यांनी बीजगणितात नेली. अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणत व ‘या’ या अक्षराने ती दर्शवीत. ऋणसंख्येच्या डोक्यावर टिंब देत. त्यांनी घातलेले एक उदाहरण असे : पाच ‘या’ उणे एक, या राशीस तीन ‘या’ अधिक दोन, या राशीने गुणा. येथे एका राशीच्या प्रत्येक पदाने दुसरीचे प्रत्येक पद गुणावयाचे असते. म्हणून ‘या’चे वर्ग १५, नंतर १० ‘या’, उणे ३ ‘या’ आणि उणे २ अशी चार पदे मिळतात. सजातीय पदे एकत्र केली, की ‘या’चे वर्ग १५, अधिक ७ ‘या’, उणे २ हे उत्तर येते. घाईने पहिल्यास पहिले आणि शेवटच्यास शेवटचे एवढेच गुणले, तर मधले सात ‘या’ हरवतात. ‘या’ची किंमत १ मानून पाहा : ४ गुणिले ५ म्हणजे २०, आणि १५ अधिक ७ उणे २ म्हणजेही २०!

पुढे एकोणसत्तराव्या वर्षीही त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ज्योतिषग्रंथ लिहिला. त्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होते. आजोबांची विद्या लोपू नये, म्हणून त्यांनी चाळीसगावाजवळील पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्या मठास १२०७ मध्ये दान मिळाले. भाऊ दाजींनी प्रकाशात आणलेला शिलालेख तो हाच. त्याचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. बाजारातील मालाचा काही अंश आणि प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठास द्यावे, असे त्यात नमूद आहे.

पुढे १८१७ मध्ये लंडनला ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ यांची इंग्रजी भाषांतरे छापली गेली. परंतु ही विद्या आरंभी जतन केली, ती शिकणाऱ्यांनी आणि त्यांच्यासाठी पळीभर तेल काढून ठेवणाऱ्या सामान्य जनांनी. विद्या पेटीत ठेवून टिकत नाही. ती शिकावी व शिकवावी लागते.