अठारा कचेरीचे कंत्राटदार, गरिबांच्या शाळेचे आधारस्तंभ

बंगळुरू : कर्नाटक उच्च न्यायालयाची येथील लाल वास्तू म्हणजे १८६८ मध्ये पूर्ण झालेली ‘अठारा कचेरी’. ती उभारणारे कंत्राटदार रायबहादूर अर्काट नारायणस्वामी मुदलियार यांचे खरे स्मारक मात्र त्यांच्या शाळा होत. १८७३ मध्ये त्यांनी छावणी भागात गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढली. शुल्काचा भार नसला, तर हातावर पोट असलेले पालकही मुलांना शाळेत धाडतात. पण दात्यामागे शाळा बंद पडली, तर तीच मुले मजुरीला लागतात. मुदलियार यांनी १८८३ मध्ये शिक्षणासाठी विश्वस्त संस्था स्थापून तो धोका टाळला. पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठीही त्यांनी शाळा उघडली. दाता काळाआड गेला. त्याच्या नावाच्या संस्थांतील अध्यापन थांबले नाही.