पांढऱ्या पेशींची धाव पाहणारा शास्त्रज्ञ

सिसिलीतील मेसिना शहरात १८८२ च्या अखेरीस घरची सारी मंडळी सर्कस पाहण्यास गेली होती. मागे राहिलेले इल्या मेचनिकॉफ सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळ्या न्याहाळत होते. शरीरात उपरी वस्तू शिरली तर भटक्या पेशी तिच्याभोवती जमतील, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणून अळ्यांना टोचले. रात्र अस्वस्थतेत गेली. सकाळी काट्यांभोवती पेशींचा गराडा पडला होता.

आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळ १८४५ मध्ये जन्मलेल्या या प्राणिशास्त्रज्ञाचे आयुष्य तोवर दुःखाने झाकोळलेले होते. पहिली पत्नी लुडमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली आणि त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. १८८१ मध्ये तर त्यांनी तापाचे जंतू असलेले रक्त स्वतःला टोचून घेतले. मेसिनाच्या काट्यांनी या माणसाला जगण्याचे कारण दिले, असे म्हणणे वावगे ठरू नये.

रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हा त्यांचा सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञांना मान्य नव्हता. जंतूंचा नाश रक्तद्रव करतो, असा त्यांचा आग्रह होता. मेचनिकॉफ १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये वीसेक वर्षे नेटाने झुंजले. अखेर १९०८ चे नोबेल त्यांना आणि रक्तद्रवाचे पुरस्कर्ते पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोन्ही पक्ष बरोबर होते! मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे मेचनिकॉफ यांचेच ओडेसातील शिष्य.

पण पेशींना वाट कोण दाखवते? जंतू व जखमी ऊती यांतून पाझरणारी रसायने पेशींना खेचतात, हे थिओडोर लेबर यांनी १८८८ मध्येच मांडले होते. उरलेला उलगडा बऱ्याच उशिरा झाला आणि त्यात नायक ठरले चक्क स्निग्ध पदार्थ. रसायनाचा स्पर्श होताच पेशीच्या आवरणातील एक फॉस्फरसयुक्त स्निग्ध रेणू त्या बाजूला साचतो. तीच बाजू पुढे सरसावते. शिवाय आवरणातील मेदाम्लापासून पेशी ल्युकोट्रीन बी-४ बनवते आणि ते मागच्या पेशींनाही हाक घालते. स्वीडनमधील बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या प्रयोगशाळेने १९७९ मध्ये हा रेणू ओळखला.

उतारवयात मेचनिकॉफ दीर्घायुष्यासाठी आंबवलेल्या दुधाचा प्रचार करीत. ते स्वतः ७१ व्या वर्षी, १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये निवर्तले. त्यांच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.