प्राध्यापक देवधर : क्रीडांगणावरील गुरुवर्य

कापणी आटोपली की आपल्या मांद्र्यातील शेते मोकळी होतात आणि तेथे तिन्हीसांजेपर्यंत चेंडूफळीचा खेळ रंगतो. मग अभ्यास करावा की खेळावे, हा वाद घरोघर सुरू होतो. हा वाद ज्यांनी आपल्या आचरणानेच मिटविला, त्या प्राध्यापक दिनकर बळवंत देवधरांची ओळख आपणांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. पुण्यातील सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. संस्कृतच्या अध्यापनाला त्यांनी कधी अंतर दिले नाही आणि क्रिकेटचे मैदानही सोडले नाही.

१९२६ साली गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा बलाढ्य एम. सी. सी. संघ हिंदुस्थानात आला. मुंबईच्या जिमखाना मैदानावर त्या संघाविरुद्ध देवधरांनी १४८ धावा काढल्या. आपले खेळाडू इंग्रजांच्या तोडीचे आहेत, हा विश्वास त्या मोसमात या देशात दृढ झाला. पुढे १९३२ साली हिंदुस्थान इंग्लंडमध्ये आपला पहिला कसोटी सामना खेळला; पण तोवर देवधरांनी चाळिशी गाठली होती आणि संघात त्यांचे नाव नव्हते. १९३३ च्या डिसेंबरात या भूमीवरील पहिला कसोटी सामना झाला, तो त्याच जिमखाना मैदानावर! तेथेही ते नव्हते. त्यांच्या वाट्याला एकही कसोटी सामना आला नाही.

दुसरा कोणी असता तर खचून घरी बसला असता. देवधरांनी मात्र महाराष्ट्राचा संघ घडविण्यास वाहून घेतले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, आणि पन्नाशी ओलांडल्यावर, १९४४ साली, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यातील दोन्ही डावांत शतके झळकविली. त्यांच्या संघातून खेळलेले विजय हजारे व रंगा सोहोनी १९४६ साली इंग्लंडमध्ये कसोटी सामने खेळले. जे दार गुरूला बंद राहिले, ते शिष्यांसाठी उघडले!

मुलींनी मैदानात उतरणे समाजाला रुचत नसे, अशा त्या काळी त्यांच्या तारा, सुंदर व सुमन या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये देशभर नाव कमाविले, हेही पालकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

पुढे देवधर राष्ट्रीय संघाच्या निवड समितीवर होते. १९६५ मध्ये पद्मश्री व १९९१ मध्ये पद्मभूषण हे किताब त्यांना लाभले. १९७३ साली त्यांच्या नावाने देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. वयाची शंभरी पार करून २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कित्येकांची नावे शालेय संघाच्या यादीत लागत नाहीत. असे झाले म्हणून मैदानाकडे पाठ फिरवू नका. संधी हुकलेल्या माणसाकडूनही केवढे कार्य घडू शकते, याची साक्ष या संस्कृतच्या प्राध्यापकाने आपल्या जीवनाने दिली आहे.