पठ्ठे बापूराव

श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी ऊर्फ पठ्ठे बापूराव (११ नोव्हेंबर १८६६ – २२ डिसेंबर १९४५) हे मराठी शाहीर, लावणीकार आणि तमाशा फडाचे प्रमुख होते. ढोलकीच्या तमाशातील गीत, नृत्य व नाट्य या तिन्ही अंगांना पुरेल एवढी विपुल रचना त्यांनी केली.

जन्म आणि घराणे

बापूरावांचा जन्म रेठरे हरणाक्ष (तालुका वाळवा) येथे झाला. हे गाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. घराणे ब्राह्मण असून गावचे कुलकर्णीपण त्यांच्याकडे होते. जात्यावरील ओव्या लहानपणापासून कानी पडल्याने त्यांना कवने रचण्याचा छंद लागला.

तमाशात प्रवेश

तमाशाची कला तेव्हा प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी आदी समाजांतील कलावंतांनी जोपासली होती. उच्चवर्णीयांनी तमाशा पाहणे आणि त्यासाठी लावण्या लिहिणे नवे नव्हते. मात्र दलित कलावंतांच्या फडात राहून त्यांच्याबरोबर बोर्डावर उभे राहणे समाजास मान्य नव्हते. बापूरावांनी ते केले. त्यापायी त्यांना घर, वतन आणि जातीतील प्रतिष्ठा यांस मुकावे लागले.

पवळाबाईची साथ

संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाई या महार समाजातील नर्तकी बापूरावांच्या फडात आल्या. तमाशात स्त्रीची भूमिका व नृत्य पूर्वी नाच्या पोऱ्या करीत असे. बोर्डावर नाचणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत पवळाबाईंची गणना होते. बापूरावांची शब्दकळा आणि पवळाबाईंचे नृत्य व अदाकारी यांमुळे हा फड महाराष्ट्रभर गाजला. मुंबईतील गिरणी कामगारांत त्यास मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्यासमोर त्यांनी मिठाराणीचा वग सादर केला होता.

रचना

ढोलकीच्या तमाशात गण, गौळण, लावणी आणि वग असा क्रम असतो. बापूरावांनी या प्रत्येक अंगासाठी लेखन केले. शृंगारिक लावण्यांबरोबर आध्यात्मिक कूट मांडणाऱ्या भेदिक लावण्या व सवाल-जवाबाच्या झगड्याच्या लावण्याही त्यांनी रचल्या. त्यांची मुंबईची लावणी प्रसिद्ध असून तीत तत्कालीन शहराचे चित्र आहे. ही रचना मुळात वाचनासाठी नव्हती. ढोलकी, हलगी, तुणतुणे व मंजिरी यांच्या साथीने ती गायची, झीलकऱ्यांनी ध्रुपद उचलायचे आणि नाचणारीने ढोलकीच्या बोलांना पदन्यासाने व शब्दांतील भावाला अदाकारीने उत्तर द्यायचे, हे गृहीत धरूनच ती बांधलेली आहे. त्यामुळे केवळ छापील पदावरून तिचे पूर्ण स्वरूप कळत नाही.

अखेरचा काळ

पुढे पवळाबाई फड सोडून गेल्या आणि बापूरावांच्या तमाशास उतरती कळा लागली. ज्या कवीच्या लावण्या अनेक फडांच्या तोंडी होत्या, त्याचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. पुणे येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

त्यांच्या जीवनावरील पठ्ठे बापूराव हा मराठी चित्रपट १९५० साली प्रदर्शित झाला. त्यांचे गण, गौळणी व लावण्या तमाशाच्या फडांत आणि लोककलेच्या कार्यक्रमांत आजही गायिल्या जातात.