काळवंडलेला दिवा : सर जॉन अँब्रोज फ्लेमिंग ह्यांचे चरित्र

डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट परस्परांशी काटकोनात धरून चुंबकीय क्षेत्र, विद्युत्प्रवाह व तारेची गती ह्यांच्या दिशा ओळखण्याचा नियम आमच्या शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेला असतो. परंतु तो नियम ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे ते फ्लेमिंग कोण, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावे असे आम्ही योजिले आहे; कारण दोष दिसला असता त्याच्याशी कसे वागावे, हा धडा त्या चरित्रात जितका स्पष्ट मिळतो तितका अन्यत्र क्वचितच मिळेल.

प्रथम एक घरगुती उदाहरण घेऊ. हौसेने घरीच व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जुळविणाऱ्यास पहिल्या दिवशी बहुधा गाण्याऐवजी एक सारखे घुमणेच ऐकू येते. अशा वेळी उतावळा मनुष्य एकामागून एक भाग बदलीत सुटतो. विवेकी मनुष्य त्या घुमण्याचीच चौकशी आरंभितो. आवाज लहानमोठा करण्याची कळ फिरविल्याबरोबर घुमणे कमीअधिक झाले, तर दोष कळीच्या अलीकडील भागात आहे. काहीच फरक न पडला, तर तो पलीकडे आहे. पुढे स्वर ओळखावा. आपल्या घरांत येणारी वीज सेकंदास 50 आवर्तने करीत उलटसुलट वाहते. तिला एकेरी वळण लावण्याचे काम रेक्टिफायर व्हॉल्व्ह करतो, आणि तिचे हेलकावे सपाट करण्याचे काम कंडेन्सर करतो. रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजू चालू असून घुमणे 100 आवर्तनांचे असेल, तर कंडेन्सर सुकला असावा असा संशय घ्यावा. तेच 50 आवर्तनांचे, म्हणजे एक सप्तक खाली, असेल तर व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारांचा किंवा सैल डाखाचा दोष असेल, अथवा रेक्टिफायरची एक बाजू निकामी झाली असेल. मात्र अशा यंत्रात तीनशे-चारशे व्होल्टांची वीज खेळत असते, व यंत्र बंद केल्यावरही ती कंडेन्सरमध्ये साठून राहते. म्हणून जाणत्या मनुष्यावाचून कोणीही त्यास हात लावू नये.

हा जो वीज एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, तोच फ्लेमिंग ह्यांची जगास देणगी होय. आणि त्याचा जन्मही एका दोषाच्या चौकशीतूनच झाला.

जॉन अँब्रोज फ्लेमिंग ह्यांचा जन्म इंग्लंडातील लँकेस्टर गावी 29 नोव्हेंबर 1849 रोजी झाला. त्यांचे वडील काँग्रिगेशनल पंथाचे धर्मोपदेशक होते. मुलगा लहान असतानाच हे कुटुंब लंडनास येऊन राहिले. अकराव्या वर्षाच्या सुमारास ह्या मुलाने स्वतःची लहानशी कार्यशाळा थाटली. तेथे तो बोटींच्या व इंजिनांच्या प्रतिकृती करी, आणि छायाचित्रे घेण्याचा कॅमेराही त्याने स्वहस्ते बनविला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे पुढे त्यास दिवसा कारकुनी करून रात्री अभ्यास करावा लागला. अशा स्थितीत 1870 साली त्यांनी लंडन विद्यापीठाची पदवी संपादन केली.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी शाळामास्तरकी केली, पैसे साठविले, आणि 1877 मध्ये, वयाची अठ्ठाविशी जवळ आली असता, पुनः विद्यार्थी होऊन ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांस मॅक्सवेल हे थोर गुरू लाभले. मॅक्सवेल ह्यांची व्याख्याने इतकी कठीण असत की, कित्येकदा फ्लेमिंग व आणखी एखादा श्रोता एवढेच समोर बसलेले असत. पण दोन वर्षांतच गुरूंचा अंत झाला.

1882 साली फ्लेमिंग लंडनमधील एडिसनच्या विद्युद्दीप कंपनीचे सल्लागार झाले. त्या काळच्या दिव्यांत कोळशाचा बारीक तंतू असे. काही दिवस दिवा जळला की काचेच्या गोळ्यास आतून काजळी धरे व प्रकाश मंद होई. व्यापाऱ्यास हा तोटाच. काळवंडलेला दिवा फेकून देणे एवढेच त्याला कळते. फ्लेमिंग तो दिवा हाती घेऊन निरखू लागले. काही दिव्यांत त्यांस असे दिसले की, सर्व काच काळी झाली असता एक अरुंद रेषा तेवढी स्वच्छ राहिली आहे, आणि ती तंतूच्या एका पायासमोर आहे. जणू त्या पायाची सावलीच काचेवर पडली होती. ह्यावरून तंतूपासून कसले तरी कण सरळ रेषेत फेकले जात असावेत, हे उघड झाले. एडिसन ह्यांनीही दिव्यात धातूची पट्टी बसवून, तीतून विलक्षण प्रवाह वाहतो असे पाहिले होते. पण त्याचा पाठपुरावा त्यांनी केला नाही. फ्लेमिंग ह्यांनी तसे दिवे मुद्दाम करवून घेऊन प्रयोग केले. तप्त तंतू व थंड पट्टी ह्यांमधील निर्वात जागेतून वीज एका दिशेने जाते, उलट दिशेने जात नाही, असे त्यांस आढळले. तथापि ह्याचा उपयोग काय, हे त्या वेळी कोणासच सुचले नाही, आणि ते दिवे कपाटात पडून राहिले.

मध्यंतरी, 1885 पासून, ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विद्युत्शास्त्राचे प्राध्यापक झाले. हातांच्या बोटांचे नियम ही त्यांच्या अध्यापनाचीच देणगी आहे. 1899 मध्ये ते मार्कोनी ह्यांचे सल्लागार झाले. 12 डिसेंबर 1901 रोजी अटलांटिक महासागर ओलांडून पहिला बिनतारी संदेश गेला, तो पाठविणाऱ्या पोल्ढू येथील केंद्राची यंत्ररचना मुख्यतः फ्लेमिंग ह्यांनीच केली होती.

आता अडचण संदेश ग्रहण करण्याची राहिली. टेलिफोन कानाशी लावून क्षीण आवाज ऐकावा लागे, आणि फ्लेमिंग ह्यांस तर ऐकू कमी येऊ लागले होते. कानाऐवजी डोळ्यांस संदेश कळावा, म्हणजे गॅल्व्हानोमीटरवर तो उमटावा, अशी युक्ती त्यांस हवी होती. पण बिनतारी लहरींचा उलटसुलट प्रवाह त्या यंत्रास हलवू शकत नव्हता. 1904 साली त्यांस कपाटातील जुन्या दिव्यांची आठवण झाली. दिवा बाहेर काढून जोडला, आणि गॅल्व्हानोमीटर हलला! त्या वर्षीच्या 16 नोव्हेंबर रोजी त्यांनी पेटंटासाठी अर्ज केला. पाण्याच्या पंपातील झडपेप्रमाणे हे साधन प्रवाहास एकाच बाजूने वाट देते, म्हणून त्यास झडप, अर्थात व्हॉल्व्ह, हे नाव मिळाले.

येथवर सर्व गौरवाचेच झाले. परंतु चरित्र लिहिणाराने उणेही लपवू नये. 1906 साली अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट ह्यांनी तंतू व पट्टी ह्यांमध्ये तारेची जाळी, म्हणजे ग्रिड, बसविली. त्यामुळे क्षीण आवाज मोठा करण्याची शक्ती व्हॉल्व्हमध्ये आली. हे पाऊल फार महत्त्वाचे होते. परंतु फ्लेमिंग ह्यांनी त्याचे श्रेय मोकळ्या मनाने कधी दिले नाही, आणि डी फॉरेस्ट ह्यांनीही फ्लेमिंग ह्यांचे ऋण मानिले नाही. वर्षानुवर्षे कज्जे चालले. 1916 साली अमेरिकेतील न्यायालयाने फ्लेमिंग ह्यांच्या पेटंटाच्या बाजूने निकाल दिला. पण 1943 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंटच मुळात अवैध ठरविले. त्या वेळी फ्लेमिंग त्र्याण्णव वर्षांचे होते. दिव्याच्या काचेवरील सूक्ष्म रेषा ज्या डोळ्यांनी टिपली, त्यांस स्वतःच्या मनावरील काजळी दिसू नये, ह्याचे आम्हांस वाईट वाटते. पण ह्यात आम्हां सर्वांसच आपले चित्र दिसावे.

असे असले तरी त्यांच्या अंगच्या इतर गुणांस बाध येत नाही. 1926 पर्यंत त्यांनी अध्यापन केले. 1929 मध्ये त्यांस सर ही पदवी मिळाली. त्यांची ख्रिस्ती श्रद्धा दृढ होती, व प्रभूच्या पुनरुत्थानाच्या प्रमाणांवर त्यांनी लंडनच्या एका प्रसिद्ध देवालयात प्रवचनही केले. त्यांस अपत्य नव्हते. आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांनी धर्मादाय कार्यांस ठेविला. 18 एप्रिल 1945 रोजी सिडमथ येथे त्यांचे देहावसान झाले.

आज बहुतेक ठिकाणी व्हॉल्व्हची जागा अर्धवाहकांनी घेतली आहे. तरी हौशी मनुष्याच्या टेबलावरील तो अँप्लिफायर उघडून पाहावा. एका कोपऱ्यात फ्लेमिंग ह्यांच्या जातीचा व्हॉल्व्ह वीज एकेरी करीत असतो, आणि शेजारीच डी फॉरेस्ट ह्यांची जाळी असलेले व्हॉल्व्ह त्याच विजेवर आवाज मोठा करीत असतात. न्यायालयात ज्यांचे जमले नाही, त्यांच्या कृती त्या लहानशा पेटीत एकमेकींवाचून अडतात. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी तुमचे यंत्र घुमू लागले तर त्याच्यावर रागावू नका. आधी स्वस्थ बसून ते काय सांगते आहे, ते ऐका. आणि शोध लागल्यावर त्याच्या श्रेयात जो भागीदार असेल त्याचे नावही सांगा.