कै. खाशाबा दादासाहेब जाधव

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला म्हणजे शाहू स्टेडियमवर एकाच वेळी दोन सामने चालू असतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. एक खाली मैदानावर, आणि दुसरा वर पायऱ्यांवर बसलेल्या वयोवृद्ध मंडळींच्या बोलण्यात. खाली पाटाकडील आणि खंडोबा, किंवा दिलबहार आणि शिवाजी तरुण मंडळ झुंजत असावेत, आणि वर तीस, चाळीस, पन्नास वर्षांपूर्वीच्या खेळाडूंची उजळणी चाललेली असावी, हा येथील नित्याचा प्रकार आहे. हे जुने खेळाडू म्हणजे कोणी मोठे धनिक नव्हेत. कोणी दिवसभर फौंड्रीत राबून सायंकाळी मैदानावर येणारा, कोणी सायकली दुरुस्त करून पोट भरणारा, तर कोणी साधा कारकून. त्यांनी किती गोल केले याचा हिशेब या मंडळींना फारसा आठवत नाही. गोल केल्यावर अमका मान वर न करता माघारी कसा फिरे, हरल्यावर तमका प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात हात घालून चहास कसा जाई, हेच पुनःपुन्हा सांगितले जाते.

गेल्या हंगामातील एका सायंकाळी आम्ही अशाच एका घोळक्याजवळ बसलो होतो. बोलता बोलता गोष्ट फुटबॉलवरून कुस्तीवर गेली. परगावच्या माणसास हे चमत्कारिक वाटेल. परंतु कोल्हापूरच्या कित्येक फुटबॉल संघांची नावेच मुळी तालमींची आहेत. ज्या पेठेत लाल मातीचा हौदा, त्याच पेठेत चेंडूचा नाद. तेव्हा नम्र खेळाडूंची नावे निघाली असता, ज्याने फुटबॉलच्या सामन्यात कधी नाव काढले नाही अशा एका पैलवानाचे नाव सर्वांच्या आधी ओठांवर यावे यात नवल नाही. त्या खाशाबा जाधवांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व पालकांस सादर करीत आहोत.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः कुस्तीगीर होते, आणि पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कुस्तीचे पहिले धडे त्यांनी घरीच वडिलांच्या हाताखाली गिरविले. शरीर म्हणावे तर ठेंगणे, बांधा आटोपशीर. गर्दीत उभे राहिले तर पैलवान म्हणून कोणी ओळखू नये. कराडच्या टिळक हायस्कुलात त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले आणि पुढे ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजात दाखल झाले.

त्या काळचे कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येचे माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली उभे केलेले खासबाग मैदान, पेठोपेठीच्या तालमी, वस्तादांचा दरारा, पहाटेचे जोर आणि बैठका, या वातावरणात खाशाबांची विद्या पिकली. बाबुराव बलवडे व बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. प्रतिस्पर्ध्याचे मस्तक काखेत धरून त्याला उलथून टाकण्याचा जो ढाक नावाचा डाव, त्यावर त्यांचा विशेष हात बसला होता. बळापेक्षा चपळाईवर आणि चपळाईपेक्षा बुद्धीवर त्यांची भिस्त असे.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलल्यामुळे खाशाबांस तेथे जाता आले. तोवर त्यांचा सराव सारा मातीतला. मातीत प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवून त्यास चितपट केले की काम झाले. गादीवर मात्र गुणांचा हिशेब, वेळेचे बंधन आणि पंचांचे निराळे नियम. पायांखालची भूमीच बदलली म्हणावयाची! तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. तेथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने त्यांस गादीवरील कुस्तीचे धडे दिले. सहाव्या क्रमांकास पदक नसते. परंतु खाशाबा परत आले ते आपले उणे कोठे आहे हे नीट जाणून, आणि पुढील चार वर्षे त्यांनी ते उणे भरून काढण्यात घालविली.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंडच्या हेलसिंकी नगरीत होते. या खेपेस अडचणी गादीवर जाण्यापूर्वीच सुरू झाल्या. निवडीच्या कुस्तीत एका गुणाच्या वादावरून खाशाबांचे नाव मागे पडले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती करण्याची संधी मिळविली, आणि ती जिंकून आपला हक्क सिद्ध केला. निवड झाली, पण पैसा कोठून आणावा? सरकारदरबारी केलेल्या विनंतीचा उपयोग झाला नाही. मग गोळेश्वरच्या व कराडच्या लोकांनी वर्गणी गोळा केली. शेतकऱ्यांनी आणि लहान दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घातली. मंदिरातील भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट आमच्या शाळेतील लहान मुलासही ठाऊक आहे. तिची येथे आठवण होते.

तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आम्ही स्वतः शिक्षक आहोत. हुशार विद्यार्थ्यास आपली पुस्तके देणे, फार तर त्याची फी भरणे, येथवर आमची मजल जाते. या प्राचार्यांपुढे आम्हांस मान खाली घालावी लागते. त्या मुलाने पदक आणावे अशी हमी त्यांस कोणी दिली होती? तो हात हलवीत परत आला असता तर लोक काय म्हणाले असते? परंतु त्यांनी तो विचार केला नाही, आणि खाशाबा विलायतेस निघाले.

हेलसिंकीस त्यांच्याबरोबर कोल्हापूरचेच केशव माणगावे हेही होते. त्यांचा फेदरवेट गटात चौथा क्रमांक आला. एका पायरीने पदक हुकलेल्या या मल्लाचे नाव आज फार थोड्यांच्या ध्यानात आहे. म्हणून येथे ते मुद्दाम नमूद करतो.

फुटबॉलच्या चाहत्यांस हेलसिंकी म्हटले की दुसरीच गोष्ट आठवते. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील आपला फुटबॉल संघ तेथे युगोस्लाव्हियाकडून १० विरुद्ध १ अशा गोलांनी पराभूत झाला. आपले बहुतेक खेळाडू त्या थंड प्रदेशात अनवाणी खेळले होते. स्टेडियमवरील ती म्हातारी मंडळी हा आकडा अजून घरातील दुःखासारखा सांगतात. हॉकीची गोष्ट मात्र वेगळी. तेथे आपण सुवर्णपदकाचे धनी होतोच.

खाशाबा या वेळी बँटमवेट गटात होते. त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांस धूळ चारली. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. ही कुस्ती दीर्घकाळ रंगली, अगदी थोडक्या फरकाने ती खाशाबांच्या हातून निसटली, आणि याच इशीने पुढे सुवर्णपदक पटकाविले. दम लागलेला, अंग घामाने निथळणारे, अशा स्थितीत खाशाबांस लगोलग रशियाच्या रशीद मामेदबेकोव याच्याशी लढण्यास उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून त्यांची बाजू मांडील असा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. भाषा परकी, देश परका, आणि माणूस एकटा. थकलेल्या खाशाबांनी ती कुस्ती गमावली. रशियाच्या त्या मल्लास रौप्यपदक मिळाले आणि खाशाबांस कांस्यपदक.

तो दिवस २३ जुलै १९५२ चा. स्वतंत्र भारतास एका व्यक्तीने मिळवून दिलेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने नेदरलँड्सवर ६ विरुद्ध १ असा विजय मिळविला. त्या सुवर्णाच्या झळाळीत कांस्याकडे साऱ्या देशाचे लक्ष जावे तितके गेले नाही.

गोळेश्वरच्या लोकांनी मात्र सोन्याचा आणि काशाचा भेद केला नाही. कराड स्टेशनावर शंभराहून अधिक बैलगाड्या जमल्या. ढोल, लेझीम, गुलाल यांच्या गजरात मिरवणूक निघाली, आणि एरवी पाव तासात तुटणारी वाट चालण्यास तिला कित्येक तास लागले. ज्यांनी आणा-दोन आणे वर्गणी दिली होती, त्या प्रत्येकास ते पदक अंशतः आपलेच वाटले असले पाहिजे.

खाशाबांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण येथे थांबतात. आमच्या मते तिचा सर्वांत मोठा भाग यापुढे आहे. मिरवणूक संपली, हार सुकले, तरी प्राचार्य खर्डेकरांचे घर गहाणच होते. विजयी वीर म्हणून गावोगाव मिरवत राहणे अवघड नव्हते. ते कर्ज लोकांनी फेडावे असे म्हणणेही त्या घटकेस कोणास गैर वाटले नसते. खाशाबांनी दोन्ही केले नाही. ज्याने जगातील निवडक मल्लांशी गादीवर झुंज दिली, तो पुन्हा कोल्हापूरच्या मातीत उतरला आणि इनामी कुस्त्या खेळू लागला. कुस्त्यांच्या फडात मिळालेला पैसा त्यांनी स्वतःसाठी ठेविला नाही. तो आपल्या गुरुजनांच्या हाती देऊन त्यांचे घर सोडवून घेतले. कुस्तीत हाडे मोडतात, सांधे निखळतात. एका दुखापतीने आयुष्याची विद्या धुळीस मिळते. हे सारे ठाऊक असता हा मनुष्य दुसऱ्याच्या घराच्या किल्लीसाठी हौद्यात उतरत होता.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढील १९५६ च्या ऑलिंपिकची आशा गुडघ्याच्या दुखापतीने संपली. खात्यातील स्पर्धांत त्यांनी यश मिळविले, इतर पोलिसांस खेळाचे शिक्षण दिले, आणि सत्तावीस वर्षे निमूटपणे नोकरी केली. पदोन्नती सावकाश आली. निवृत्तीच्या सुमारास ते साहाय्यक पोलीस आयुक्त झाले होते. ऑलिंपिक पदक मिळविलेला मनुष्य शेजारच्या मेजावर बसून कागद चाळीत आहे, हे त्या कचेरीत येणाऱ्या किती जणांस माहीत असेल कोण जाणे. निवृत्तिवेतनासाठीसुद्धा त्यांस खेटे घालावे लागले. १९८२ साली दिल्ली येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या तेव्हा मशाल वाहून नेणाऱ्यांत त्यांस स्थान मिळाले, एवढाच काय तो उत्तरायुष्यातील गौरव.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावन्न वर्षांचे होते.

मानसन्मान आले ते नंतर. महाराष्ट्र शासनाने शिवछत्रपती पुरस्कार दिला, केंद्र सरकारने अर्जुन पुरस्कार दिला, दोन्ही मरणोत्तर. २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्यामागून एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक मिळविणारा दुसरा भारतीय म्हणजे टेनिसपटू लिअँडर पेस. तो योग १९९६ साली अटलांटा येथे आला, हेलसिंकीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. त्या वेळी खाशाबांस जाऊन बारा वर्षे लोटली होती.

त्या सायंकाळी शाहू स्टेडियमवर आमच्या शाळेचा पाचवीतील एक मुलगा आमच्याजवळ बसला होता. ही सारी चर्चा त्याने कान देऊन ऐकली आणि शेवटी विचारले की, खाशाबा बचाव फळीत खेळत होते की आघाडीला. आजूबाजूचे सर्व जण मोठ्याने हसले. परंतु त्या घोळक्यातील सर्वांत वृद्ध गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी मुलास जवळ ओढून घेतले आणि गोळेश्वरपासून सारी हकिकत पुन्हा पहिल्याने सांगावयास आरंभ केला. गहाण पडलेल्या घरापाशी ते येऊन पोहोचतात तोच खाली मैदानावर गोल झाला. पण आमच्या पायरीवर तो कोणीच पाहिला नाही.